हेरपटांतील शस्त्रओळख

हेरपटांतील शस्त्रओळख : पडद्यावर दिसणारे पिस्तूल, रिव्हॉल्वर किंवा रायफल प्रत्यक्षात कोणत्या कंपनीची आणि कोणत्या नमुन्याची आहे, हे चित्रचौकटीवरून ताडण्याचा हौशी पण काटेकोर अभ्यास. १९६० च्या दशकातले हेरपट या अभ्यासकांचे खास आवडते. या चित्रपटांत शस्त्राचे नाव मोठ्या दिमाखात घेतले जाते आणि नटाच्या हातात अनेकदा भलतेच काही असते. म्हणून पहिला नियम असा, की संवादावर विश्वास ठेवायचा नाही, लोखंडाकडे पाहायचे.

सुरुवात होते ती रिव्हॉल्वर की पिस्तूल या प्रश्नापासून. मराठी वर्तमानपत्रांत हे शब्द बिनदिक्कत एकमेकांच्या जागी वापरले जातात. रिव्हॉल्वरच्या गोळ्या फिरत्या चक्रीत असतात, तर पिस्तुलाच्या बहुधा मुठीतल्या मॅगझिनमध्ये. पुढे नळीची लांबी, घोडा (काडतुसावर आघात करणारा हॅमर) बाहेर दिसतो की झाकलेला, सेफ्टीचा खटका कुठे आहे, मुठीवरच्या पट्ट्या कशा आहेत आणि रिकामे काडतूस कोणत्या खाचेतून बाहेर उडते, अशा खुणा पाहिल्या जातात. शिक्का किंवा अनुक्रमांक क्वचितच वाचता येतो, त्यामुळे बरीचशी भिस्त आकारावर असते.

सर्वांत गाजलेले उदाहरण जेम्स बाँडचे आहे. इयन फ्लेमिंगच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत बाँड ०.२५ कॅलिबरचे (म्हणजे सुमारे पाव इंच व्यासाच्या नळीचे) छोटे बेरेटा पिस्तूल बाळगत असे. ग्लासगोचा शस्त्रतज्ज्ञ जेफ्री बूथरॉइड याने १९५६ मध्ये फ्लेमिंगला पत्र लिहून कळवले, की हे बायकांच्या पर्समधले हत्यार आहे. त्याने बाँडसाठी स्मिथ अँड वेसनचे रिव्हॉल्वर सुचवले आणि पिस्तूलच हवे असेल तर वाल्टर पीपीके. फ्लेमिंगने सल्ला मानला आणि १९५८ च्या ‘डॉ. नो’ कादंबरीत शस्त्रागारप्रमुखाला मेजर बूथरॉइड असे नावही देऊन टाकले. मात्र बूथरॉइडने सुचवलेली कातडी म्यान रिव्हॉल्वरसाठी होती आणि फ्लेमिंगने तीत पीपीके ठेवले, याची खंत बूथरॉइडला राहिली. त्याने आपले एक रिव्हॉल्वर चित्रकार रिचर्ड चॉपिंगला ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ कादंबरीच्या वेष्टनचित्रासाठी उसने दिले होते. नेमके तेव्हाच ग्लासगोत तिहेरी खून झाला, पोलीस तशाच हत्याराच्या शोधात होते आणि बूथरॉइडला चौकशीला तोंड द्यावे लागले.

१९६२ च्या ‘डॉ. नो’ चित्रपटात पत्रातला हा वाद संवादासह पडद्यावर आला. वरिष्ठ अधिकारी बाँडकडून बेरेटा काढून घेतो आणि पीपीके देतो. पण बाँड टेबलावर ठेवतो ते कादंबरीतले चिमुकले बेरेटा नसून बेरेटा १९३४ आहे, म्हणजे इटालियन सैन्याचे ९ मिलिमीटर शॉर्ट काडतुसाचे पिस्तूल. बदल्यात त्याला मिळते तेही पीपीके नाही, तर त्याचा थोरला भाऊ वाल्टर पीपी. दोघांतला फरक ओळखायला सोपा आहे. पीपीची नळी ९८ मिलिमीटर, पीपीकेची ८३. ७.६५ मिलिमीटरच्या पीपीत आठ गोळ्या मावतात, पीपीकेत सात. सर्वांत खात्रीची खूण मुठीच्या मागच्या बाजूला असते : पीपीला दोन वेगळ्या पट्ट्या असून मधून धातूची कड उघडी दिसते, तर पीपीकेचे प्लॅस्टिक आवरण मागून सलग वळलेले असते. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत या चित्रपटातले पिस्तूल २,५६,००० डॉलरला विकले गेले, तेव्हा लिलावाच्या यादीतही ते वाल्टर पीपी म्हणूनच नोंदले होते. बाँडचे म्हणून जगाने पीपीके डोक्यावर घेतले, आणि ज्या प्रसंगात त्याचे बारसे झाले त्यात ते नव्हतेच!

त्याच चित्रपटात प्राध्यापक डेंटचा प्रसंग आहे. डेंट अंधारात पलंगावर गोळ्या झाडतो आणि बाँड त्याला थंडपणे ऐकवतो, की ते स्मिथ अँड वेसन आहे आणि तुझ्या सहा गोळ्या संपल्या. डेंटच्या हातात मात्र सायलेन्सर लावलेले कोल्ट १९११ए१ दिसते, ज्याच्या मॅगझिनमध्ये सात गोळ्या असतात. म्हणजे हिशेबाने डेंटकडे एक गोळी शिल्लक असायला हवी. बाँड ज्याने त्याला संपवतो ते बेल्जियमचे एफएन १९१० आहे. ते खरेच स्मिथ अँड वेसनचे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्वर असते, तर सायलेन्सर लावूनही फारसा उपयोग झाला नसता, कारण चक्री आणि नळी यांच्यामधल्या फटीतून वायू व आवाज निसटतो. ती फट बंद करणारे रशियन नागां १८९५ हा प्रसिद्ध अपवाद.

‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ (१९६३) मध्ये सुटकेसमधून निघणारी रायफल ०.२५ कॅलिबरची असल्याचे सांगितले जाते. ती खरे तर आर्मालाइट एआर-७, जिचे काडतूस ०.२२ चे आहे. हिचे सुटे भाग हिच्याच पोकळ दस्त्यात बसतात, त्यामुळे पटकथेला ती आयतीच सापडली. जाहिरातीची गंमत त्याहून मोठी. छायाचित्रणाच्या दिवशी पीपीके आणायचे राहून गेले, तेव्हा छायाचित्रकार डेव्हिड हर्नने स्वतःचे वाल्टर एलपी-५३ पुढे केले. ते छर्ऱ्याचे एअर पिस्तूल! भित्तिचित्रांवर शॉन कॉनरीच्या गालाशी दिसणारी ती लांबलचक नळी त्याचीच. २०१० मध्ये लंडनच्या लिलावात त्याला अडीच लाख पौंडांहून अधिक किंमत आली.

अशा अदलाबदलीमागे नेहमी निष्काळजीपणाच असतो असे नाही. ब्लँक काडतुसात दारू असते, गोळी नसते. गोळीच्या अडथळ्याशिवाय नळीत पुरेसा दाब तयार होत नाही आणि स्लाईड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जात नाही, म्हणून नळीच्या आत अरुंद छिद्राचा अडसर बसवतात. पीपीसारख्या स्थिर नळीच्या साध्या रचनेत हे सोपे जाते. कोल्ट १९११ मध्ये नळी स्लाईडला अडकून खाली झुकते, त्यामुळे ०.४५ चे ब्लँक रडवत असे. हॉलिवुडने अनेक वर्षे त्याच्या जागी स्पेनचे ९ मिलिमीटर स्टार मॉडेल बी वापरले. मुठीच्या मागची सेफ्टी नसली की स्टार ओळखावे.

कधीकधी नमुना मुद्दाम बदललेला असतो. ‘द मॅन फ्रॉम अंकल’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतले (१९६४–६८) जादा नळी, दुर्बीण आणि खांद्याचा दस्ता जोडता येणारे शस्त्र आधी माउझर १९३४ वर आणि नंतर वाल्टर पी३८ वर बेतलेले होते. प्रेक्षक त्या पिस्तुलाला पत्रे पाठवत असत.

ब्रिटनमध्ये नटाच्या हाती खरे शस्त्र देणे शक्य आहे, कारण १९६८ च्या शस्त्र कायद्याचे कलम १२ चित्रीकरणापुरती परवान्यातून सूट देते. शस्त्रे भाड्याने येत ती बॅप्टीसारख्या कंपन्यांकडून, आणि एकच नग अनेक चित्रपटांतून फिरे. ‘द नेकेड रनर’ (१९६७) या हेरपटात फ्रँक सिनात्राच्या हाती दिलेले दुर्बिणीचे माउझर सी९६ असेच बॅप्टीच्या कपाटात परतले. दहा वर्षांनी तेच काढून, वेगळी दुर्बीण व तोंडाशी नळकांडे बसवून, ‘स्टार वॉर्स’मधल्या हान सोलोचा ब्लास्टर (काल्पनिक किरणपिस्तूल) म्हणून वापरले गेले.