काळ्या मातीतला फुग्या बेडूक : आपुलकीमागची पार्श्वभूमी

मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की बांधाच्या कडेला, शेताच्या खोलगट कोपऱ्यात साचलेल्या पाण्यावर एक गुबगुबीत बेडूक तरंगताना दिसू शकतो. डोकं आखूड, तोंड बारीक, मान नाहीच. अंग पाच-सहा सेंटिमीटरचं, गुळगुळीत, तपकिरी-गुलाबी, त्यावर गडद नक्षी. हा फुग्या बेडूक, शास्त्रीय नाव उपेरोडॉन सिस्टोमा. दख्खनच्या कोरड्या मुलखातला हा जुना रहिवासी. त्याचं कौतुक मात्र अलीकडचं आहे.

शास्त्रात त्याची पहिली नोंद १७९९ची. जर्मन अभ्यासक योहान गॉटलोब श्नायडर यांनी त्याला ‘राना सिस्टोमा’ म्हटलं आणि त्याच वर्षी मातीत पुरून राहणाऱ्या आपल्याकडच्या दुसऱ्या बेडकाचंही वर्णन केलं, ज्याला आज स्फिरोथिका ब्रेविसेप्स म्हणतात. १८४१मध्ये फ्रेंच अभ्यासक द्युमेरील आणि बिब्रों यांनी उपेरोडॉन ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मांडली. तरी प्राणिशास्त्रज्ञ बुलेंजर यांच्या १८९०च्या ग्रंथात तो ‘काकोपस’ याच नावाने आहे. नावं बदलत राहिली, जिवंत प्राणी फारसा कुणाच्या नजरेस पडला नाही. वर्षातला बहुतेक काळ तो जमिनीखाली असतो, त्याला कोण काय करणार?

त्याचं विचित्र रूप याच राहणीतून आलं आहे. मागच्या प्रत्येक पायाच्या टाचेशी दोन कडक, फावड्यासारखे उंचवटे असतात. पाय आळीपाळीने बाहेर सारत तो मागच्या मागे, ढुंगणाकडून मातीत उतरतो. वरची माती डोक्यावर ढासळते, म्हणून बिळाचं तोंड दिसत नाही. गोल अंगाला आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी, त्यामुळे ओल कमी उडते. जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ अंशांवर जातो तेव्हा हे फार मोलाचं आहे. मुंग्या आणि वाळवी खायला बारीक तोंड पुरतं. डिवचलं की तो हवा भरून टम्म फुगतो.

पाऊस पडताच सगळी घाई सुरू होते. नर फुगून पाण्यावर तरंगत ओरडतात. अंडी पाण्याच्या पृष्ठभागावर एकेरी थरात पसरतात, कारण कोमट डबक्यात प्राणवायू वरच्याच थरात मिळतो. पिल्लांना कुरतडायला कठीण जबडे नसतात, ती पाण्यातले सूक्ष्म कण गाळून खातात. डबकं काही आठवडे टिकलं तरच त्यांना पाय फुटतात. पहिल्या पावसानंतर मोठी उघडीप पडली की अख्खी वीण वाळून जाते. खान्देशात ही उघडीप नवी नाही.

बेडकाशी इथली जुनी जवळीक पावसाच्या ओढीतून आलेली. पाऊस लांबला की गावोगाव धोंडी निघते : कडुनिंबाचा पाला अंगावर बांधलेला मुलगा आणि घरोघरी त्याच्यावर ओतलेलं पाणी. काही ठिकाणी मुसळाला बेडूकही बांधतात. त्यामागची आस्था खरी, पण बेडूक कातडीतून पाणी गमावतो आणि उन्हात बांधलेला फार काळ तग धरत नाही. धोंडी त्याच्यावाचूनही निघू शकते.

अशा गुबगुबीत बेडकांच्या रूपाचं कौतुक सुरू व्हायला दोन घटना कारणीभूत ठरल्या असं वाटतं. २००३मध्ये बेडकांचे अभ्यासक एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसाइट यांनी केरळातल्या इडुक्कीचा जांभळा बेडूक जगापुढे आणला. त्याचे जवळचे नातलग थेट सेशेल्स बेटांवर आहेत. २०१३मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या ब्रेविसेप्स मॅक्रोप्स या गोलमटोल बेडकाचा चित्कार इंटरनेटवर गाजला. लोकांना तो लाडिक वाटला, प्रत्यक्षात ती धोक्याची आरोळी होती.

आता फुग्यालाही कुणी जांभळा बेडूक समजतं. पण जांभळा बेडूक दक्षिणेकडच्या सह्याद्रीतला, सातपुड्यात नाही. स्फिरोथिकाशी गल्लत होत असेल तर टाच बघा : स्फिरोथिकाला फावड्यासारखा मोठा उंचवटा एकच, डोळे मोठे, तोंड रुंद.

फोटोसाठी त्याला फुगायला लावू नका. हाताला मीठ, डास पळवणारं मलम किंवा फवारणीचं औषध असेल तर स्पर्शही नको, त्याची कातडी सगळं शोषते. नांगरटीत निघाला तर बांधाच्या सावलीत, भुसभुशीत ओल्या मातीवर ठेवा, तो स्वतः उतरेल. विहिरीत टाकू नका, चढून येता येत नाही.

प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात हीच अडचण. पाणी बघून बेडूक उतरतात, उतार निसरडा, बाहेर पडता येत नाही. उपाय स्वस्त आहे : ज्यूटचं जुनं बारदान किंवा काथ्याचा जाड दोर काठावर पक्का बांधून पाण्यात पोचेल असा सोडा, चारही बाजूंना एकेक. पातळी घटली की दोर पाण्याला टेकतो का ते पाहा. नायलॉनचा गुळगुळीत दोर चालत नाही, त्यावर पकड बसत नाही.