जिव्हाळी, नाल आणि पत्री : बैलाच्या खुरामागची गोष्ट

कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, दिवाळीच्या आगेमागे, आमच्या गावात पत्रीवाला, म्हणजे बैलाच्या खुराला पत्री ही लोखंडी नाल ठोकणारा माणूस, यायचा आणि वडाखाली बैल पाडायचे. दोघातिघांनी दोर पायात अडकवून ओढला की एवढं मोठं जनावर धप्पकन कुशीवर यायचं, एक जण मानेवर गुडघा टेकून बसायचा, चारी पाय एकत्र बांधले की मग तो माणूस खूर तासायला घ्यायचा. वरचा मळकट थर निघाला की आतून मेणासारखं पांढुरकं दिसायचं, त्या चकत्या आम्ही पोरं गोळा करायचो. तासता तासता तो सारखा अंगठ्याने दाबून बघायचा, का ते एकदा विचारलं तर म्हणाला, "जिव्हाळी कुठंय ते बघतोय लेकरा, खिळा तिला लागला की बैल बसलाच."

जिव्हाळी म्हणजे नखाखालचा तो हुळहुळता भाग, नख जास्त खोल कापलं की जिथून कळ डोक्यात जाते तो. बैलाच्या खुराचं बाहेरचं कवच आपल्या नखासारखंच केराटिनचं असतं, त्यात रक्त नाही, नस नाही, म्हणून तर त्यात खिळा ठोकता येतो. पण त्याच्या आत लगेच रक्तवाहिन्यांनी भरलेली जिव्हाळी आणि तिच्याही आत हाड, आणि बैलाचं सगळं वजन त्यावरच. खुराची भिंत आणि तळवा जिथं जुळतात तिथं एक फिकट रेष दिसते, खिळा त्या रेषेच्या आत जाता कामा नये, तो भिंतीतून तिरका वर निघाला पाहिजे, मग बाहेर आलेलं टोक छाटून दुमडायचं. सगळं कसब ते एवढ्या काही मिलिमीटरच्या जागेत.

घोडा एका पायाच्या एकाच बोटावर उभा असतो, म्हणून त्याला एक नाल पुरते. बैल तिसऱ्या आणि चौथ्या अशा दोन बोटांवर उभा असतो, मागे वर जी दोन छोटी नखं लोंबतात ती दुसरं आणि पाचवं बोट. पाय टेकला की जमिनीवरची दोन्ही मोठी नखं एकमेकांपासून जराशी फाकतात, त्यांना एकाच लोखंडात जखडलं तर बैलाला चालताच येणार नाही, म्हणून प्रत्येक नखाला वेगळी पत्री, चार पायांच्या मिळून आठ. आणि घोडा एक पाय उचलून तीन पायांवर शांत उभा राहतो, बैलाला ते जमत नाही, तो धडपडतो, म्हणून त्याला पाडावं लागतं.

आता हे लोखंड जनावराच्या पायाला आलं कुठून, तर ते आधी घोड्याच्या पायाला आलं. ग्रीक लेखक झेनोफॉनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोड्याचं खूर टणक राहावं म्हणून तबेल्यात आणि बाहेर दगड पसरायला सांगितलंय, नालेचा उल्लेख त्यात नाही. रोमन लोक खुराखाली लोखंडी तळ बांधायचे, चपलेसारखा. खिळ्यांनी ठोकलेली नाल युरोपात साधारण नवव्या-दहाव्या शतकापासून सर्रास दिसू लागते. आपल्याकडे घोड्यांच्या वैद्यकाची परंपरा जुनी, शालिहोत्र या प्राचीन घोडेवैद्याच्या नावाने ती चालत आली आणि त्या नावावरूनच पलटणीतल्या घोड्यांच्या वैद्याला सलोत्री म्हणायला लागले. पण 'नाल' हा शब्द मूळ अरबी, त्याचा अर्थ पादत्राण, आणि 'नालबंद' फारसीतून आलेला. चौल, दाभोळसारख्या बंदरांतून अरबी घोडे दख्खनमध्ये उतरत होते, त्यांच्याबरोबर हे शब्दही इथं रुळले.

मराठ्यांच्या फौजेत तर या कामाने पैशाच्या व्यवहारालाच नाव दिलं. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यायचा, त्याला मोहिमेआधी तयारीसाठी जी आगाऊ रक्कम मिळायची ती 'नालबंदी'. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो, कारण आपल्या दगडधोंड्यांच्या मुलखात घोड्याचा पाय शाबूत नसेल तर बाकीची तयारी असून उपयोग नाही हे त्या माणसांना किती पक्कं ठाऊक होतं ते त्यात दिसतं.

बैलाचा मामला वेगळा. काळ्या रानात, मऊ मातीत नांगर ओढणाऱ्या बैलाला पत्रीची गरजच नसते. गुराचं खूर महिन्याला साधारण ५ मिलिमीटर वाढतं आणि शेतातल्या चालण्याने तेवढंच झिजतं, हिशोब आपोआप जुळतो. तो बिघडवला रस्त्याने. घाटातून पूर्वी लमाणांचे तांडे पाठीवर गोण्या लादलेले बैल घेऊन जायचे, १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि मग खडीवरून ओझं ओढणं हे बैलाचं रोजचं काम होत गेलं. पुढे डांबर आलं. १९५० च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्याच्यामागे बाकीचे कारखाने आले, लाकडी चाकं जाऊन टायरची गाडी आली, त्यामुळे एका जोडीमागे ऊस कितीतरी जास्त लादता यायला लागला आणि ते सगळं वजन तापलेल्या डांबरावर घासत जाणाऱ्या खुरांवर पडलं, वाढ कमी आणि झीज जास्त. बीडकडून ऊसतोडीला येणारी कुटुंबं म्हणून बैलांना पत्र्या मारून घेतल्याशिवाय गाडी जुंपत नाहीत. पोळ्याला आपण शिंगं रंगवतो, खांदे मळतो, त्या खुरांवर मात्र तांब्याभर पाणी पडतं तेवढंच, याचं मला खरंच वाईट वाटतं.

खुराचा दुसरा वैरी म्हणजे लाळ्या खुरकूत. हा रोगही जुनाच, इटलीच्या फ्राकास्टोरो या वैद्याने सोळाव्या शतकात गुरांच्या अशाच साथीचं वर्णन केलंय. १८९८ मध्ये जर्मनीत लोफ्लर आणि फ्रॉश यांनी दाखवलं की जंतू अडवणाऱ्या बारीक गाळणीतूनही हा रोग पार होतो, जनावरांचा विषाणू म्हणून ओळख पटलेला पहिला विषाणू हाच. यात तोंडात फोड येतात आणि दोन नखांच्या बेचक्यातही येतात, तिथं चिघळलं की कधी कधी खुराचं कवच सुटून येतं, म्हणजे जिव्हाळी उघडी. ज्याने तसं जनावर जागेवर थरथरत उभं असलेलं बघितलंय तो लसीचा दिवस चुकवणार नाही. केंद्राने सप्टेंबर २०१९ मध्ये देशभर मोफत लसीकरणाचा कार्यक्रम सुरू केला तो या रोगासाठी आणि ब्रुसेलोसिस या गाभण जनावरांचा गर्भ पाडणाऱ्या रोगासाठी.

आणि आता गोष्ट उलटी फिरलीय. १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बाएफ ही गाईंच्या संकरावर काम करणारी संस्था सुरू केली, १९७० पासून देशात दूध वाढवायची 'दुधाचा महापूर' योजना आली, गावोगाव एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) आणि जर्सी या परदेशी जातींच्या संकरित गाई आल्या. या गाई दिवसभर गोठ्यात काँक्रीटवर उभ्या, चालणं जवळपास नाही, खाली शेण-मुताची ओल. बैलाचं खूर झिजून संपायचं, गाईचं खूर झिजतच नाही, पुढे वाढत जातं, कधी चपलेसारखं वर वळतं. पुढचा भाग लांबला की वजन टाचेकडे सरकतं, त्यातही मागच्या पायाच्या बाहेरच्या नखावर जास्त, आणि तिथंच आत जिव्हाळी चेचली जाते. गाय बाहेरून धडधाकट दिसते, फक्त पाठ कमानीसारखी धरून चालते, दूध कमी होतं आणि मालक खुराकात दोष शोधत बसतो.

यावर नेदरलँड्सचे पशुवैद्य तुसाँ राव्हेन यांनी खूर कापायची एक शिस्त बसवून दिली, ती आज जगभर वापरतात. एचएफसारख्या मोठ्या गाईला खुराची पुढची भिंत साधारण साडेसात सेंटीमीटर ठेवायची, तळवा निदान ५ मिलिमीटर जाड राहिलाच पाहिजे, दोन्ही नखं एका पातळीत आणायची. आपल्याकडेही आता लोखंडी खोडा आणि ग्राइंडर घेऊन खूर कापणारी पोरं गोठ्यांवर फिरतात. मी अलीकडे एकाचं काम जवळून बघितलं. मशीन बाजूला ठेवून तो मधेमधे अंगठ्याने तळवा दाबत होता, जरा लवतोय असं वाटलं की तिथून हात काढून घ्यायचा.