साडेसोळा मिलिमीटरचा तह: भारतातील रेल्वे मॉडेलांच्या छंदाची पार्श्वभूमी

घरात रेल्वेचा चालता लेआउट, म्हणजे रूळ मांडून केलेली छोटी रेल्वे, उभारू पाहणारा माणूस, मग तो पुण्याचा असो वा ठाण्याचा, आधी दोन गोष्टींची चौकशी करतो: रूळ कोणत्या मापाचे घ्यायचे आणि आपल्या आसपास हा नाद असलेले आणखी कोण आहे. वरवर पाहता या दोन चौकशांचा एकमेकींशी संबंध नाही. भारतात मात्र पहिलीचे उत्तर काय निघते त्यावर दुसरीचे बरेचसे अवलंबून राहिले आहे, कारण ज्याचे रूळ वेगळ्या मापाचे, त्याची गाडी दुसऱ्याच्या लेआउटवर चढतच नाही. हे माप आज ज्या आकड्यावर स्थिरावले आहे, तो आकडा भारतीय रेल्वेशी जुळत नाही हे सर्वांना ठाऊक आहे, आणि तरीही तो टिकून आहे.

या मापांची मुळे जर्मनीत आहेत. १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत एका जर्मन खेळणीकाराने क्रमांक दिलेल्या रुळांची पद्धत मांडली आणि सुटे डबे व रूळ नंतर विकत घेता येतील अशी सोय झाली. १९२२ मध्ये टेबलावर मावेल एवढी छोटी रेल्वे इंग्लंडमध्ये विकली जाऊ लागली, १९३५ मध्ये त्याच आकाराची विजेवर चालणारी संच-रेल्वे जर्मनीत आली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर दोन रुळांमध्ये १६.५ मि.मी. अंतर हेच जगात सर्वाधिक खपणारे माप झाले. ९ मि.मी. रुळांचे एन माप १९६० च्या दशकात रुजले. भारतात तोवर या छंदाचा मागमूस जवळजवळ फक्त राजवाड्यांत होता. त्यातले मराठी वाचकाला परिचित उदाहरण ग्वाल्हेरचे आहे: शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यातील मेजवानीच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार नेत असे, आणि ती आजही तेथे पाहायला मिळते. तिला मॉडेल म्हणावे की फिरते तबक, हा प्रश्न बाजूला ठेवलेला बरा.

सामान्य घरांत हा छंद शिरला तो बोटीवर नोकरी करणाऱ्या काकांच्या किंवा जर्मनीला गेलेल्या मामांच्या सामानातून. ज्या मापाचा संच आला त्या मापाचा माणूस झाला, इतके ते योगायोगाचे होते. इंग्लंडहून आलेल्या पेटीत ओओचे म्हणजे १:७६ प्रमाणाचे इंजिन असे, युरोपातून किंवा अमेरिकेतून आलेल्या पेटीत एचओचे म्हणजे १:८७ चे. रूळ दोन्हींत १६.५ मि.मी.चेच. वाढीव रूळ किंवा गाडीची वाट बदलणारे सांधे येथे मिळत नसत आणि आयातीवर निर्बंध होते, त्यामुळे बहुतेकांची रेल्वे पलंगाखालच्या खोक्यातून वर्षाकाठी एकदोनदा निघून, गोल फिरून, परत खोक्यात जाई. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुनी इंग्रजी मासिके मिळत आणि लेआउट कसा उभारावा याचे शिक्षण पुष्कळांचे तेथेच झाले. पुण्यात कोथरूडला १९९८ मध्ये लघुरेल्वेचे संग्रहालय खुले झाले तेव्हा, चालता आणि पूर्ण बांधलेला मोठा लेआउट प्रत्यक्ष पाहण्याची संधी अनेकांना प्रथमच मिळाली. दिवे मालवून दाखवलेली रात्र आणि त्या अंधारात उजळलेल्या खिडक्यांची धावती गाडी पाहून घरी परतलेल्या मुलांपैकी काही जण आज चाळिशीत आहेत आणि प्लायवूडचे भाव विचारत फिरत आहेत. तो लेआउट भारतीय रेल्वेचे चित्रण करण्यासाठी बांधलेला नाही हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. आपल्याच मार्गावरची गाडी मॉडेलमध्ये हवी, ही मागणी नंतरची.

ती मागणी पुढे आली आणि मापाचा वाद सुरू झाला. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मि.मी.चा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांना इंग्लंडमधले १४३५ मि.मी.चे माप चालत असताना गव्हर्नर जनरलने सहा फुटांचा आग्रह धरला आणि साडेपाच फुटांवर तडजोड झाली, हा इतिहास रेल्वेप्रेमींना पाठ असतो. १६७६ ला ८७ ने भागले की १९.२६ मि.मी. येतात. बाजारात मिळणारे रूळ १६.५ मि.मी.चे आहेत, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ साठी आखलेले आहेत. फरक पावणेतीन मिलिमीटरचा आहे, आणि गेली पंचवीस-तीस वर्षे भारतीय मॉडेलकारांमध्ये जे मतभेद झाले त्यांतील मोठा वाटा या पावणेतीन मिलिमीटरचा आहे.

हा फरक बाजूने पाहिले असता दिसत नाही. गाडी समोरून येताना पाहावी. आयसीएफच्या, म्हणजे चेन्नईच्या कारखान्याच्या जुन्या धाटणीच्या, डब्याची रुंदी प्रत्यक्षात ३२४५ मि.मी. आहे, म्हणजे १:८७ मध्ये सुमारे ३७ मि.मी.; त्याखाली साडेसोळाचा रूळ ठेवला की चाके डब्याच्या पोटाखाली आत ओढल्यासारखी दिसतात, बोगीची, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या गाड्याची, बाहेरची चौकट आणि चाक यांच्यात नको तेवढी फट राहते, आणि एरवी जमिनीवर पाय रोवून उभा वाटणारा आपला डबा अरुंद चौथऱ्यावर ठेवल्यासारखा भासतो. दोन रुळांमधल्या खडीची पट्टीही बारीक होते. ज्याने लहानपणापासून फलाटाच्या टोकाला उभे राहून येणारी गाडी पाहिली आहे त्याच्या डोळ्याला हे पटकन खुपते. छायाचित्रात तर अधिकच.

यावर तीन मार्ग सुचवले गेले. पहिला, रूळ स्वतः बनवण्याचा: तांब्याचा थर असलेल्या पट्टीचे स्लीपर कापायचे, त्यांवर १९.२६ मि.मी. अंतराने रूळ डाखायचे, प्रत्येक सांध्याच्या जिभा कानशीने घासून बारीक करायच्या आणि प्रत्येक इंजिनाचे व डब्याचे आस लांब करून घ्यायचे. दुसरा, रूळ तेच ठेवून गाडीच लहान करण्याचा: १६७६ ला १६.५ ने भागले तर १:१०२ हे प्रमाण येते आणि त्या प्रमाणात बांधलेली गाडी साडेसोळाच्या रुळावर तंतोतंत शोभते. तिसरा, फरक पत्करून १:८७ ची गाडी आहे त्या रुळावर चालवण्याचा.

पहिल्या मार्गाचा आग्रह धरणाऱ्यांची भूमिका प्रामाणिक होती आणि तिला परदेशात आधारही होता. ब्रिटनमध्ये याच प्रश्नाची उलटी बाजू आहे. तेथील इंजिने अंगाने लहान असल्याने त्यांत त्या काळची मोटर मावेना, म्हणून डबे-इंजिने १:७६ पर्यंत वाढवली गेली आणि रूळ मात्र साडेसोळाच राहिले. खरे तर त्यांना १८.८३ मि.मी. हवे होते. ही चूक दुरुस्त करण्यासाठी तेथे आधी १८ आणि मग १८.८३ मि.मी.चे पंथ निघाले आणि अत्यंत देखणे काम त्यांतून उभे राहिले. परंतु त्या पंथांना टिकवायला तेथे शेकडो माणसे होती, चाके व आस बनवणारे कारागीर होते. येथे एका शहरात चारपाच माणसे. ज्याने १९.२६ स्वीकारले त्याने रूळ सुंदर बनवले, परंतु त्यावर चालवायला गाडी फक्त त्याचीच, आणि त्याची गाडी न्यायला दुसरीकडे रूळ नाहीत.

१:१०२ चा मार्ग कागदावर सर्वांत चतुर होता, परंतु त्यात इंजिनाचा सांगाडाच, म्हणजे मोटर व चाके असलेला खालचा भाग, अडचणीचा ठरला. डब्ल्यूडीएम-२ हे मूळ अमेरिकी आल्को कंपनीचे डिझेल इंजिन. १९६२ पासून ते भारतात आले आणि नंतर वाराणसीत बनू लागले. त्याच्या बोगीतील तीन आसांची अंतरे समान नाहीत, आणि तशीच बोगी असलेली आल्कोची इतर इंजिने अमेरिकी बाजारासाठी १:८७ मध्ये मोटरीसह तयार मिळतात. वर फक्त कवच बदलायचे. पुढे आलेल्या डब्ल्यूडीजी-४ आणि डब्ल्यूडीपी-४ या डिझेल इंजिनांचेही घराणे अमेरिकीच असल्याने तेथेही हीच सोय झाली. १:१०२ मध्ये मात्र ना सांगाडा मिळतो, ना माणसे, ना ट्रक, ना सिग्नल. एचओची माणसे त्या गाडीशेजारी उभी केली तर टीसी दारात मावेनासा होतो.

तिसऱ्या मार्गाला नावे ठेवण्याची पद्धत आहे. त्याला आळस म्हटले गेले, विदेशी बाजारापुढची शरणागतीही म्हटले गेले. प्रस्तुत लेखकाला ती टीका अन्यायाची वाटते. एचओमध्ये रुळाची चूक सुमारे चौदा टक्के आहे. हौसेने ओओमध्ये भारतीय गाडी बांधणाऱ्यांच्या बाबतीत, जेथे रूळ २२ मि.मी.चे हवेत, ती पंचवीस टक्के होते, आणि तरी त्यांना कोणी फारसे बोलले नाही. एन मापातही, १:१६० ला, चूक चौदा टक्क्यांचीच आहे. साडेसोळाच्या रुळाने एक गोष्ट साधली जी अचूकतेने साधली नसती: मुलुंडच्या माणसाचे इंजिन डोंबिवलीच्या माणसाच्या यार्डात जाऊ शकले. अचूकतेचा आग्रह धरणाऱ्यांपैकी पुष्कळांनीही कालांतराने घरी एक साधा साडेसोळाचा फेरा ठेवला, तो पाहुण्यांच्या गाड्यांसाठी.

अरुंद मार्गांच्या बाबतीत मात्र गोष्ट सोपी होती, आणि महाराष्ट्रात तिला विशेष महत्त्व आहे. बार्शी लाइट रेल्वेचे ७६२ मि.मी. ८७ ने भागले की पावणेनऊच्या आसपास येतात, आणि एन मापाचे ९ मि.मी. रूळ त्यासाठी उत्तम चालतात. मूर्तिजापूर–यवतमाळच्या ‘शकुंतले’चेही माप तेच. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ–माथेरानचा मार्ग ६१० मि.मी.चा असल्याने तेथे पुन्हा तडजोड करावी लागते, परंतु गाडी मुळातच लहान असल्याने ती कमी खटकते. गोव्यातल्या जुन्या मीटरगेजसाठी १२ मि.मी. रूळ युरोपात तयार मिळतात. तरीही मीटरगेजचे लेआउट मोजकेच झाले; ज्या मार्गाच्या आठवणी पक्क्या आहेत त्याचे इंजिन बाजारात नाही, ही अडचण तेथे आजही आहे.

सोबती शोधण्याचा मार्ग १९९० च्या दशकात बदलला. परदेशी शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ई-मेलवर भारतीय रेल्वेप्रेमींचा गट सुरू केला होता. १९९५ मध्ये भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळू लागल्यावर येथील माणसे त्यात आली. दोन उपनगरे पलीकडे राहणाऱ्या समानछंदी माणसाचा पत्ता अमेरिकेतल्या तिसऱ्याकडून कळावा, असे त्या काळात घडत असे. त्या गटांतून इंजिनांच्या मापांचे आराखडे, रंगसंगतीचे तपशील आणि कागदी मॉडेले फिरू लागली, आणि कार्डबोर्डचा का होईना पण भारतीय डबा परदेशी सांगाड्यावर बसू लागला.

पुढची अडचण कराची आली. आयातीच्या यादीत प्रमाणबद्ध मॉडेले बाहुल्या आणि तीनचाकी सायकलींबरोबर एकाच शीर्षाखाली, ९५०३ खाली, मोडतात. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यातच १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना मानक चिन्ह सक्तीचे झाले. तो नियम चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. स्वस्त आणि घातक खेळणी रोखण्याचा हेतू योग्यच होता, परंतु त्याच्या फटक्यात पन्नाशीच्या माणसाने मागवलेले इंजिनही आले. त्याची दुसरी बाजू अशी की कवचे येथेच त्रिमितीय छपाईने होऊ लागली, लेझरने कापलेल्या एमडीएफची स्थानके व केबिन मिळू लागली, आणि आयात करायचा तो फक्त सांगाडा आणि रूळ.

जागेचा प्रश्न तर मापाइतकाच जुना आहे. एचओचा ४३८ मि.मी. त्रिज्येचा फेरा घालायचा तर जवळजवळ मीटरभर रुंद फळी लागते, आणि एलएचबीचा, म्हणजे नव्या जर्मन धाटणीचा, डबा या मापात २७० मि.मी. भरत असल्याने एवढ्या वळणावर तो बाहेर झुकतो. ज्या घरात पाहुण्यांची गादी उभी करून ठेवावी लागते तेथे ही फळी कायमची राहत नाही. कोकणपट्टीत पावसाळा संपेपर्यंत तिला बुरशी आणि रुळांना काळा थर येतो, तो वेगळाच. त्यामुळे अलीकडे पूर्ण लेआउटऐवजी मॉड्यूल बांधण्याकडे कल आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात आणि नंतर जर्मनीत व जपानमध्ये रुजलेल्या या पद्धतीत प्रत्येकाने ठरलेल्या मापाचा तुकडा घरी करायचा आणि एकत्र आल्यावर जोडायचा असतो. एन मापातले टेबलावर ठेवायचे जपानी धाटणीचे मॉड्यूल लांबीला फूटभरच असते, त्यामुळे ते कपाटावर राहते आणि पाठपिशवीतून लोकलने नेता येते.

मॉड्यूल आले की करार आले: रुळांची मध्यांतरे, टेबलाची उंची, कोणत्या बाजूचा रूळ धन मानायचा, आणि डबे एकमेकांना जोडायला आकडी कोणती. डीसीसीने, म्हणजे एकाच रुळावरची इंजिने वेगवेगळी चालवू देणाऱ्या डिजिटल पद्धतीने, त्यात एका कलमाची भर घातली. इंजिनात बसवलेल्या आणि त्याच्या नावचे संदेश ओळखणाऱ्या डिकोडरांपैकी कारखान्यातून येणाऱ्या बहुतेकांचा पत्ता ३ असतो, आणि तो न बदलता चार जणांनी आपापली इंजिने एका रुळावर ठेवली की एकाने गती दिल्याबरोबर चारही निघतात. म्हणून आता भेटीआधीच पत्ते वाटून घेतले जातात, बहुधा इंजिनाच्या खऱ्या क्रमांकाचे अखेरचे आकडे घेऊन. आकडीबाबत मात्र अजून एकमत नाही; जुन्या निळ्या डब्यांच्या गाड्या बांधणारे युरोपीय कडीवर अडून आहेत आणि एलएचबीवाले अमेरिकी मुठीच्या आकडीवर, त्यामुळे दोघांच्या सामायिक गाडीत मध्ये एक डबा दोन्ही टोकांना वेगवेगळी आकडी लावलेला ठेवावा लागतो.