तिरळ्या डोळ्यातल्या केशवाहिन्या मोजताना: पार्श्वभूमी

तिरळेपणाच्या तपासणीत डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) रक्तवाहिन्यांकडे फार वर्षं कुणी पाहिलं नाही. पाहण्याचं कारणही नव्हतं आणि सोयही नव्हती. १९६१ साली फ्लुरेसिन अँजिओग्राफी आली, पण तिच्यात शिरेतून रंग टोचावा लागतो. मळमळ होते, त्वचा काही तास पिवळी दिसते, लघवी पुढचा दिवसभर रंगीत होते आणि क्वचित जीवघेणी ॲलर्जीही येते. ज्याचा पडदा वरकरणी निरोगी आहे अशा पाच-सहा वर्षांच्या मुलाला निव्वळ माहितीसाठी यातून काढणं कुणाला पटणारं नव्हतं. त्यातही रंगाच्या चित्रात पडद्याचं वरचं जाळं स्पष्ट दिसतं आणि खालचं खोल जाळं त्यामागे धूसर होऊन जातं.

तरीही हा रंग तिरळेपणात वापरला गेला, तो डोळ्याच्या पुढच्या भागासाठी. डोळा हलवणाऱ्या चार सरळ स्नायूंमधून मिळून सात पुढच्या सिलियरी धमन्या येतात: प्रत्येकातून दोन, बाहेरच्या स्नायूतून मात्र एकच. शस्त्रक्रियेत स्नायू डोळ्यापासून सोडवला की त्याच्या धमन्याही तुटतात. १९७८ साली शस्त्रक्रियेनंतर बुबुळाचं, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत वलयाचं, रंगचित्रण करून दाखवलं गेलं की वरचा किंवा खालचा स्नायू सोडवल्यावर बुबुळाच्या त्या भागात रंग उशिरा भरतो किंवा भरतच नाही. एका डोळ्याचे तीन-चार सरळ स्नायू एकाच वेळी न सोडवण्यामागे हाच रक्तपुरवठ्याचा हिशोब आहे. पडद्याच्या आतल्या थरांना मात्र रक्त मिळतं ते मध्यवर्ती धमनीतून. हा मार्ग वेगळा आहे, आणि नंतरच्या अनेक लेखांत तो विसरला गेलेला दिसतो.

१९९१ मध्ये ओसीटी (प्रकाशाने पडद्याच्या थरांचं चित्र काढणारी तपासणी) आली तेव्हा तिचा वेग फारच कमी होता. रंग न टोचता रक्तप्रवाह टिपायला (ओसीटी अँजिओग्राफीला) लागणारा वेग हाती येऊन यंत्रं दवाखान्यात पोहोचायला २०१४-१५ उजाडलं. तत्त्व सोपं आहे. तीच रेष लागोपाठ दोनदा स्कॅन करायची. स्थिर ऊती दोन्ही वेळा सारखीच दिसते, रक्तपेशी सरकलेल्या असतात, म्हणून जिथे फरक पडला तिथे वाहिनी आहे असं मानायचं. ३ × ३ मिमी चौकोनात ३०४ ओळी, प्रत्येक ओळीत ३०४ बिंदू, प्रत्येक ओळ दोनदा, म्हणजे सुमारे १,८५,००० मोजण्या. सेकंदाला ७०,००० च्या वेगाने यंत्राला पावणेतीन सेकंद लागतात. मग हेच आडव्याऐवजी उभ्या दिशेने पुन्हा होतं आणि दोन्ही चित्रं जुळवून हालचालीच्या खुणा पुसल्या जातात.

पावणेतीन सेकंद नजर रोखणं सरळ डोळ्याच्या प्रौढाला जड नाही. तिरळ्या आणि त्यातून आळशी झालेल्या (नजर पुरती न विकसलेल्या) डोळ्याला मात्र तेच जमत नाही. दुसरा डोळा उघडा ठेवला तर मूल त्याच डोळ्याने पाहतं आणि तपासायचा डोळा आपल्या कोनात निघून जातो. म्हणून दुसरा डोळा झाकायचा. पण लहानपणीच आत वळलेल्या डोळ्यांत झाकताक्षणी सुप्त निस्टॅगमस जागा होतो आणि दोन्ही डोळे थरथरू लागतात. अशा मुलाला काळ्या पट्टीपेक्षा अर्धपारदर्शक झाकण बरं पडतं, कारण प्रकाश आत जात राहतो आणि थरथर कमी राहते. डोळ्याच्या हालचालीचा माग ठेवणारा यंत्रातला ट्रॅकर चालू ठेवावा हे खरं, पण थरथरत्या डोळ्यात त्याची पकड वारंवार सुटते, स्कॅन लांबतो, पापणी न मिटल्याने अश्रूंचा थर सुकतो आणि सिग्नल, म्हणजे डोळ्यातून यंत्राकडे परत येणारा प्रकाश, कमी पडतो. थोडं थांबवून, दोन-चार वेळा पापण्या मिटायला लावून पुन्हा घेतलेला स्कॅन सलग घेतलेल्या चौथ्या स्कॅनपेक्षा हमखास चांगला येतो.

दुसरी अडचण केंद्राची. आळशी डोळा अनेकदा फोव्हियाने, म्हणजे पडद्यावरच्या सर्वांत तीक्ष्ण नजरेच्या बिंदूने, पाहतच नाही, बाजूच्या एखाद्या बिंदूने पाहतो. यंत्र मात्र नजर जिथे लागली त्याभोवती चौकोन आखतं. मोजणीचं १ मिमीचं मधलं वर्तुळ मग फोव्हियावरून सरकतं, फोव्हियाच्या मधला वाहिन्या नसलेला भाग अर्धा बाहेर जातो आणि मधली वाहिन्यांची घनता फसवी चढते. वर्तुळ हाताने फोव्हियावर आणून बसवावं लागतं. तिरक्या स्नायूंचा दोष असेल तर डोळा स्वतःभोवतीही फिरलेला असतो. फोव्हिया दृष्टीनसेच्या चकतीच्या मध्यापेक्षा साधारणपणे थोडा खाली असतो, डोळा बाहेरच्या दिशेने फिरला असेल तर तो आणखी खाली दिसतो, आणि ‘वरचा भाग’, ‘खालचा भाग’ असे छापील आकडे दोन डोळ्यांत पडद्याच्या एकाच जागेचे राहत नाहीत.

आता ज्या शब्दाने सगळा घोळ घातला त्याकडे येऊ: घनता. २०१६-१७ पासून आळशी डोळ्यात केशवाहिन्यांची घनता कमी आढळल्याचे अहवाल येऊ लागले. मग फरक नसल्याचे आले, मग फक्त खोल जाळ्यात फरक असल्याचे. वाचताना वाटतं की डोळेच वेगवेगळे असावेत. बऱ्याचदा वेगळी असते ती फूटपट्टी. एका बनावटीच्या यंत्रात घनता म्हणजे वाहिन्यांनी व्यापलेल्या क्षेत्राची टक्केवारी, साधारण ५० च्या आसपास. दुसऱ्या बनावटीत त्याच कल्पनेला परफ्युजन घनता म्हणतात, आणि ‘घनता’ हे नाव दिलेलं असतं वाहिन्यांच्या सांगाड्याच्या लांबीला. प्रत्येक वाहिनी एका पिक्सेलएवढी बारीक करून तिची लांबी मोजायची आणि क्षेत्रफळाने भागायचं. म्हणजे एकाचं एकक टक्के, दुसऱ्याचं दर चौरस मिलिमीटरमागे मिलिमीटर. पहिल्यात एक जाड शिरा आकडा फुगवते, दुसऱ्यात जाड-बारीक सगळ्या सारख्या. दोन्हींना एकाच नावाने सारणीत शेजारी बसवलं की तुलना मोडते.

याहून खोल घोळ डोळ्याच्या लांबीचा आहे. यंत्र ‘३ मिमी’ म्हणतं ते सुमारे २४ मिमी लांबीचा डोळा गृहीत धरून. आत वळलेल्या डोळ्यांत प्लस नंबर सर्रास असतो आणि असा डोळा आखूड असतो. २१ मिमीच्या डोळ्यात तो चौकोन प्रत्यक्षात २.६ मिमीचाच पडतो. वाहिन्या नसलेला भाग यंत्राने ०.३० चौ.मिमी दाखवला तर खरा असतो सुमारे ०.२२, म्हणजे पाऊण. सांगाड्याची घनता १३ टक्क्यांनी कमी छापली जाते. क्षेत्राची टक्केवारी या गणितातून बरीचशी वाचते. मधल्या वर्तुळात मात्र तीही घसरते, कारण तिथे रिकाम्या भागाचा वाटा वाढतो. म्हणजे ‘आळशी डोळ्यात घनता कमी’ या निष्कर्षाला जो आकडा हवा, तोच आकडा निव्वळ आखूड डोळाही देतो.

दुरुस्ती करावी की नाही यावर मतं फाटलेली आहेत. करू नये म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की लांबीचं सूत्र प्रौढांच्या डोळ्यांवरून बेतलेलं आहे आणि मुलाच्या डोळ्याची वक्रता वेगळी. मुद्दा चुकीचा नाही. पण काहीच न करणं म्हणजे सगळे डोळे २४ मिमीचे मानणं, आणि ते त्याहून वाईट गृहीतक आहे. निदान लांबी मोजून सारणीत द्यावी. ज्यांच्या दोन्ही डोळ्यांचा नंबर आणि लांबी सारखी आहे, फक्त तिरळेपणामुळे एक डोळा आळशी झाला आहे, अशा मुलांतला फरक जास्त वजनाचा. अनेक रुग्णमालिकांत हा गट नंबरातल्या फरकामुळे आळशी झालेल्या गटात मिसळलेला सापडतो.

सिग्नलचा परिणामही एकाच दिशेने जात नाही. सिग्नल पडला की बारीक वाहिन्या गळतात आणि घनता उतरते. डोळा झटक्याने हलला की त्या ओळीत सगळंच ‘सरकलेलं’ दिसतं, पांढरी आडवी रेष उमटते, ती वाहिनी म्हणून मोजली जाते आणि घनता चढते. दहापैकी सातच्या वर सिग्नल असला तरी चित्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आकडा उचलू नये. खोल जाळ्यात वरच्या वाहिन्यांच्या सावल्या उतरतात, आणि त्या काढणाऱ्या पद्धती २०१६ च्या सुमारास आल्या. त्याआधीचे खोल जाळ्याचे आकडे नंतरच्यांशी जोडू नयेत. अहवालातला हिरवा-पिवळा-लाल रंग बहुधा प्रौढांच्या नोंदींवरून ठरलेला असतो, मुलासाठी त्याकडे दुर्लक्षच करावं.

अलीकडे मोजणी शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर होऊ लागली आहे. आडव्या स्नायूंच्या शस्त्रक्रियेनंतर पडद्याची घनता काही दिवस उतरते आणि मग पूर्ववत होते, असं सांगितलं जातं. पडद्याच्या आतल्या थरांना रक्त स्नायूंतल्या पुढच्या सिलियरी धमन्यांतून येत नाही हे वर आलंच. पहिल्या आठवड्यात डोळा लाल असतो, पाणी येतं, मलम घातलेलं असतं, पापणी पुरती उघडत नाही, म्हणून सिग्नल पडणारच. आधीचा आणि नंतरचा सिग्नल शेजारी न देता घनतेची ही उतरंड मांडली असेल तर ती अश्रूंच्या थराचीही असू शकते. खालचा तिरका स्नायू जरा वेगळा. तो बाहेरून जवळजवळ मॅक्युलाच्या (फोव्हियाभोवतीच्या पडद्याच्या मध्यभागाच्या) मागेच चिकटलेला असतो आणि कोरॉइडमधून, म्हणजे पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरातून, रक्त बाहेर नेणारी व्हॉर्टेक्स शीर त्याच्या लगत असते. तिथे कोरॉइडच्या जाडीत बदल दिसणं शरीररचनेशी जुळतं.

जिथे रक्तपुरवठा खरोखर तुटतो त्या बुबुळावर मात्र हे तंत्र अजून लंगडं आहे. गडद तपकिरी बुबुळात वरचं रंगद्रव्य प्रकाश अडवतं आणि वाहिन्या तुटक दिसतात. स्नायू सोडवल्यानंतरची खरी तूट आणि रंगद्रव्याची सावली या दोन्ही चित्रात सारख्याच काळ्या येतात. म्हणून शस्त्रक्रियेआधीचा स्कॅन त्याच डोळ्याचा, बाहुलीच्या त्याच आकारात घेतलेला असावा लागतो. बाहुली आकसली की बुबुळ ताणलं जातं, वाहिन्यांमधलं अंतर बदलतं, आणि घनतेचा आकडा पुन्हा हलतो.