ताक, टाक आणि सात महिन्यांचा कान

मंगळवार पेठेत आमच्या शेजारी सात महिन्यांची नात आहे. आजी तिला मांडीवर घेऊन जेवायला बसते. "भातावर जरा ताक टाक की," असं सुनेला म्हणते, तेव्हा नात आजीच्या तोंडाकडे टक लावून बघत असते. परवा सून म्हणाली, "हिला आत्ता काय कळतंय हो? मोबाईलवर इंग्लिश राइम्स लावून ठेवते, कान तरी तयार होईल."

कान या वयात तयार होतो, हे अगदी खरं. पण कसा, ते त्या 'ताक टाक'मध्येच आहे.

'त' म्हणताना जिभेचं टोक दातांना टेकतं. 'ट' म्हणताना ते मागे वळून टाळूला लागतं. म्हणून बघा. इंग्रजांची जीभ या दोन्हींच्या मधे, वरच्या हिरडीला टेकते. त्यांच्याकडे तिथे एकच वर्ण आहे, त्यामुळे आपला त-ट फरक मोठ्या इंग्रजी माणसाला सहसा ऐकूच येत नाही. १९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी हिंदीतला हाच त-ट इंग्रजी घरांतल्या बाळांना ऐकवला. एक आवाज सारखा वाजत राहायचा. तो बदलल्यावर बाळाने मान वळवली की बाजूचं खेळणं सुरू व्हायचं. ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी फरक ओळखला. १० ते १२ महिन्यांच्या फार थोड्यांना तो जमला. त्याच वयाची हिंदी घरांतली बाळं मात्र तो ओळखत होती.

मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते यामागचं गणित. कुणीही 'त' दोनदा तंतोतंत सारखा म्हणत नाही. प्रत्येक उच्चार थोडा पुढे, थोडा मागे पडतो. हे सगळे उच्चार एका रेषेवर मांडले तर मराठी घरात दोन ढीग दिसतील, दाताजवळ एक आणि टाळूजवळ एक, मधे मोकळी जागा. इंग्रजी घरात मधोमध एकच ढीग. बाळ नकळत ही मोजदाद ठेवतं. दोन ढीग असतील तिथे ते रेघ मारतं. एकच असेल तर त्याच्या आतल्या फरकांकडे लक्ष देणं सोडतं. २००२ साली हे थेट तपासलं गेलं. 'द'कडून 'त'कडे सरकत जाणारे आठ आवाज ६ आणि ८ महिन्यांच्या बाळांना काही मिनिटं ऐकवले. काहींना टोकांजवळचे आवाज जास्त वेळा, काहींना मधले. आवाज तेच, पण पुढे दोन टोकांतला फरक ओळखला तो दोन ढीगवाल्यांनीच.

आता मोबाईल. पॅट्रिशिया कूल या अमेरिकन संशोधिकेने ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी बोलणारी माणसं १२ वेळा खेळायला बसवली. बाळं चिनी वर्णांमधला फरक ओळखायला शिकली. तीच माणसं दुसऱ्या बाळांना पडद्यावर दाखवली, तर ती बाळं काहीच शिकली नाहीत. 'बाळाला हुशार करणाऱ्या' व्हिडिओंच्या जाहिरातींवर पैसे घालण्याआधी एवढं लक्षात घ्या. घरात दोन भाषा असल्या तरी बिघडत नाही. समोर बसून बोललं पाहिजे.

जीभ लवकर वळावी म्हणून मधात वेखंड उगाळून चाटवायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. ती सोडा. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे जिवावरची विषबाधा होऊ शकते. बाळ आवाजाला दचकत नसेल, हाकेला वळत नसेल, तर लगेच कान तपासून घ्या. ही मोजदाद मुख्यतः पहिल्याच वर्षात चालते.