वेशीवरची पाटी आणि दाराचं कुलूप

चोपडा तालुक्यातल्या एका शिक्षक मित्राने कुठलंसं परिपत्रक शोधायला शाळेचा यूडायस क्रमांक (सरकार प्रत्येक शाळेला देतं तो ओळख क्रमांक) गुगलवर टाकला. पहिल्याच पानावर एक्सेलची फाईल आली. अनुक्रमांक, केंद्र, शाळा, युजर आयडी, पासवर्ड असे पाच रकाने. "हाई ते आपलीच यादी शे!" म्हणत त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. सगळ्या शाळांचे पासवर्ड एकाच साच्यातले, शेवटचे चार आकडे तेवढे वेगळे, आणि तेही शाळेच्या क्रमांकातलेच. हॅक कोणी केलं नव्हतं. कोणीतरी सोयीसाठी यादी संकेतस्थळावर चढवली होती. लिंक फक्त मुख्याध्यापकांच्या ग्रुपवर दिली आहे, म्हणजे दुसरं कोण उघडणार, अशी समजूत होती.

ही समजूत जवळपास वेबइतकीच जुनी आहे. १९९३-९४ च्या सुमारास वेबवर आपोआप पानामागून पान वाचत जाणारे प्रोग्रॅम, म्हणजे बॉट, फिरू लागले आणि छोटे सर्व्हर त्यांच्या ओझ्याने दमू लागले. म्हणून १९९४ मध्ये मार्टाइन कोस्टर यांनी रोबोट्स डॉट टीएक्सटी ही साधी फाईल सुचवली. अमुक फोल्डरमध्ये येऊ नका, एवढंच ती सांगते. ही वेशीवरची पाटी आहे. सज्जन ती वाचून मागे फिरतो, बाकीच्यांना तीच वाट दाखवते, कारण फाईल सगळ्यांनाच वाचता येते. त्यात 'बॅकअप' किंवा 'ॲडमिन' लिहिलं की चोराला पत्ता मिळालाच. २०२२ मध्ये या पद्धतीचं अधिकृत मानक निघालं. हे नियम म्हणजे प्रवेशाची परवानगी तपासणं नव्हे, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. तरीही आजही अनेक जण त्यालाच सुरक्षा समजतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२००१ मध्ये गुगल पीडीएफ आणि पाठोपाठ वर्ड, एक्सेलच्या फाईलीही वाचू लागलं. तोवर नजरेआड राहिलेले कागद एकदम उजेडात आले. पुढच्याच वर्षी जॉनी लाँग या सुरक्षातज्ज्ञाने असं काही हाती लागणारे शोधशब्द गोळा करायला घेतले. फाईलचा प्रकार, शीर्षकातला शब्द, पत्त्यातला शब्द एवढं नेमकं टाकलं की पासवर्डची फाईल समोर. 'गुगल डॉर्क' हा शब्द तिथूनच रुळला. २०१४ मध्ये अमेरिकेच्या तपास यंत्रणांनी याच पद्धतीबद्दल सावधगिरीची सूचना काढली.

पासवर्ड पत्त्यातूनही फुटतो. लॉगिनचा फॉर्म 'गेट' पद्धतीने, म्हणजे भरलेली माहिती पत्त्यालाच जोडून, पाठवला की पासवर्ड थेट लिंकमध्ये उमटतो, आणि ती लिंक कुठे चिकटवली की शोधयंत्राला सापडते. गुप्त माहिती अशी पाठवू नये, हे १९९९ च्या एचटीटीपी मानकातच, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांनी कसं बोलावं याच्या नियमांतच, सांगितलं होतं.

'हे पान शोधनिकालात दाखवू नका' असं पानातच सांगणारा 'नोइंडेक्स' हा टॅग उपयोगी आहे, पण त्यात एक मेख आहे. बॉटने पान वाचलं तरच त्याला टॅग दिसतो. रोबोट्सच्या फाईलने वाट अडवून ठेवली तर टॅग वाचलाच जात नाही आणि नुसता पत्ता निकालात येऊ शकतो. पीडीएफ-एक्सेलमध्ये तर असा टॅग लावायची सोयच नाही. तिथे तीच सूचना फाईलसोबत सर्व्हरकडून पाठवावी लागते, तिला एक्स-रोबोट्स-टॅग म्हणतात. आणि एवढं करूनही लिंक हाती असलेला माणूस फाईल उघडतोच. फाईल लॉगिनमागे ठेवणं किंवा वेबच्या फोल्डरमध्ये मुळात न ठेवणं, हेच काय ते कुलूप.

आपल्याकडे या याद्या का जन्मतात, तेही पाहायला हवं. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. नंतरच्या वर्षांत शिष्यवृत्ती, पीकविमा, शाळेची माहिती असं एकेक काम पोर्टलवर गेलं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रेंज नसते, म्हणून तालुक्याला बसलेला एकच जण दहा शाळांची माहिती भरतो. त्याला दहा पासवर्ड लागतात, म्हणून यादी. ती करणाऱ्याला आळशी म्हणणं अन्यायाचं आहे. एका माणसाला दहा शाळा नीट सांभाळता येतील असं खातं पोर्टलनेच द्यायला हवं होतं. कायद्याने आता दट्ट्या लावला आहे. अशा घटना सहा तासांत कळवा, असे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २०२२ चे निर्देश आहेत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात हलगर्जीला २५० कोटींपर्यंत दंड आहे.

चोपड्याच्या त्या यादीबद्दल आम्ही फोन केला आणि संध्याकाळपर्यंत ती उतरवली गेली. गुगलच्या निकालात मात्र तिचं नाव आणि दोन ओळी आणखी काही दिवस दिसत होत्या. तोवर कोणी डाउनलोड करून घेतली असेल तर ती परत येणार नव्हती, म्हणून मित्र यादी समोर ठेवून एकेका मुख्याध्यापकाला फोन लावत बसला: "सर, आधी पासवर्ड बदला, मग बाकीचं बोलू." सातपुड्याच्या पायथ्याच्या दोन शाळांचे फोन लागलेच नाहीत. त्यांचे पासवर्ड बदलायला सोमवार उजाडला, गुरुजी बाजाराला खाली उतरले तेव्हा.