सगळे नळ बंद असतात तेव्हाचा दाब

ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या चाकांवरच्या घरात, पाणी दोन वाटांनी येतं. एक, स्वतःच्या टाकीतून १२ व्होल्टच्या छोट्या पंपाने. दुसरी, कॅम्पग्राउंडवर मुक्काम असताना बाहेरच्या नळाला होज, म्हणजे लवचीक नळी, लावून. पंपाची फारशी काळजी करावी लागत नाही, कारण त्याला प्रेशर स्विच असतो आणि साधारण ४५ ते ५५ पीएसआयला (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) तो आपोआप बंद होतो. बाहेरच्या नळाला असा काही लगाम नसतो. तिथे ४० पीएसआय असेल, ८० असेल, कधी १००च्याही वर असेल. होज जोडला की तो सगळा दाब ट्रेलरच्या अंगावर येतो.

हा दाब मुख्यतः उंचीतून येतो. दर १० मीटर उंचीमागे पाणी सुमारे १४ पीएसआय दाब देतं. ३० मीटर उंचीच्या टाकीखाली ४२-४३ पीएसआय मिळतो, तो अगदी सोयीचा. पण टाकी डोंगरावर आणि मुक्काम ६० मीटर खाली दरीत असेल, तर आकडा ८५ वर जातो. दिवसा हे लक्षात येत नाही. चहूकडे नळ चालू असतात आणि वाहत्या पाण्याचा बराचसा दाब पाइपांशी होणाऱ्या घर्षणातच खर्ची पडतो. रात्री वापर थांबला की घर्षणही थांबतं आणि पूर्ण दाब शेवटच्या नळापर्यंत पोचतो. म्हणून दुपारी शॉवर चालू ठेवून गेजवर (दाब दाखवणाऱ्या मापकावर) पाहिलेल्या आकड्यावर विसंबू नये. गेज पाहायचा तो सगळे नळ बंद करून, आणि शक्यतो रात्री उशिरा.

किती दाब चालेल? ४० ते ५० पीएसआय उत्तम, ६०च्या वर नको. ट्रेलरच्या माहितीपुस्तिकेत याहून कमी आकडा दिला असेल तर तोच पाळायचा. आता ट्रेलरमधल्या पेक्स पाइपवर (हा लवचीक प्लास्टिकचा असतो) छापलेलं वाचलं की शंका येते, कारण तो २३ अंश सेल्सिअसला १६० पीएसआय आणि ८२ अंशांनाही १०० पीएसआय सोसतो. मग ६०लाच का थांबायचं? कारण पाइप सहसा फुटत नाही. दगा देतात ते जोड, टॉयलेटची प्लास्टिकची झडप, फिल्टरचं पारदर्शक भांडं. साचलेल्या पाण्यात दाब सगळीकडे सारखा पसरतो, त्यामुळे सगळ्यात कमकुवत जागा जेवढं सोसेल तेवढीच अख्ख्या पाइपलाइनची ताकद. त्यात रस्त्यावरचे हादरे हे जोड सैल करत असतात. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या जुन्या ट्रेलरमध्ये करड्या पॉलिब्युटिलीनचे (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकचे) पाइप असतील तर मी ४०च्या वर जाणारच नाही. त्यांचे प्लास्टिकचे जोड तडकण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत.

स्थिर दाबावर भर पडते ती झटक्याची. टॉयलेटच्या पेडलवरून पाय काढला की झडप खटकन मिटते आणि धावतं पाणी जागच्या जागी अडतं. हाच वॉटर हॅमर. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९८मध्ये त्याचं गणित मांडलं: पाण्याचा वेग जितका जास्त, तितका दणका मोठा. पोलादी पाइपात सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी एकाएकी थांबलं तर दाब १७५ पीएसआयहूनही जास्त उसळू शकतो. पेक्स थोडा ताणला जातो, म्हणून दणका बराच सौम्य होतो. तरी चाळीस-पन्नास पीएसआयची क्षणिक भर पडू शकते. मुळातच ५० असेल तर ती पचते, ९० असेल तर जोड त्याची किंमत मोजतात.

आणखी एक दाब घरातच तयार होतो, वॉटर हीटरमध्ये. सुमारे २३ लिटर पाणी १५ अंशांवरून ६० अंशांवर नेलं की ते साडेतीनशे मिलिलिटरच्या आसपास फुगतं. बाहेरच्या जोडणीपाशी एकदिशा झडप असल्यामुळे ते मागे जाऊ शकत नाही. हीटरच्या माथ्यावर ठेवलेली हवेची पोकळी ही वाढ सामावून घेते. पण ती हवा हळूहळू पाण्यात विरघळत जाते. मग नळ बंद असताना दाब चढत चढत सुरक्षा झडपेच्या १५० पीएसआयपर्यंत पोचू शकतो, आणि झडप ठिबकू लागते. अनेक जण ती खराब झाली म्हणून बदलतात; आधी हवेची पोकळी पुन्हा भरून पाहावी. त्यासाठी हीटर बंद करून पूर्ण थंड होऊ द्यायचा, बाहेरचं पाणी आणि पंप बंद करायचा, गरम पाण्याचा एक नळ उघडायचा आणि मग सुरक्षा झडप उघडून तिच्यातून पाणी यायचं थांबेपर्यंत थांबायचं.

बाहेरच्या दाबाला आवर घालतो तो रेग्युलेटर. त्याच्या आत स्प्रिंग आणि रबरी पडदा असतो. पुढच्या, म्हणजे ट्रेलरकडच्या, बाजूचा दाब वाढला की पडदा स्प्रिंगला मागे रेटतो आणि झडप मिटते. या झडपेच्या बैठकीवर वाळूचा एखादा कण अडकला तर ती पूर्ण मिटत नाही. नळ चालू असताना काहीच कळत नाही, पण रात्री त्या फटीतून दाब थेंबाथेंबाने चढतो आणि पहाटे पाइपांत बाहेरच्या नळाइतकाच दाब असतो. म्हणून गेज रेग्युलेटरच्या पुढे लावायचा, आणि रेग्युलेटर होजच्या आधी, थेट बाहेरच्या नळावर बसवायचा, म्हणजे होजही वाचतो. नळ बंद ठेवून अर्ध्या तासाने काटा वर सरकलेला दिसला आणि हीटर बंद असेल, तर रेग्युलेटर साफ करावा, नाहीतर बदलावा. स्वस्तातल्या पितळी नळकांड्यांपेक्षा गेज असलेला, दाब कमी-जास्त करता येणारा रेग्युलेटर घ्यावा. त्यात पाण्याची धारही फारशी कमी होत नाही.

दिवसभर बाहेर जाताना मात्र रेग्युलेटरवरही भिस्त ठेवू नये. बाहेरचा नळ बंद करावा आणि पंप बंद असल्याची खात्री करून आतला एक नळ क्षणभर उघडावा, की अडकलेला दाब उतरतो.